मालवणला पोरांना स्कूबाला नेणार असाल तर आमचं काय झालं ते वाचा

लिहू की नको करत तीन महिने गेले. फसलो हे चारचौघांत सांगायला लाज वाटते आणि माझं तर ऑफिसात कामच दुसऱ्यांची बिलं तपासायचं आहे, त्यामुळे नवरा अजून टोमणे मारतो. पण आता मे महिन्याच्या सुट्टीची बुकिंगं सुरू झालीत, २५ मेनंतर पावसाळ्यासाठी बोटी बंद होतात म्हणून सगळे त्याच्या आधी घाईघाईत मालवण गाठतात, आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या एकीने परवा मला विचारलं की तुम्ही डिसेंबरात गेला होतात ना, नंबर द्या की. तेव्हा म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

आमची लेक तेरा वर्षांची, आठवीत. सहाव्या वर्षापासून पोहते. दिवाळीच्या सुट्टीत पुण्यातच एका टँकमध्ये तिने स्कूबाची, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली उतरायची, दोन सेशन केली, तिथले सर फार शिस्तीचे, पाण्यात उतरायच्या आधी तासभर बोलले असतील. श्वास कधीच रोखायचा नाही, कानाला दडे बसायच्या आधीच नाक दाबून हलकी फुंकर मारायची, टाकीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा दर थोड्या वेळाने बघायचा, टाकी भरलेली असते तेव्हा साधारण दोनशे बार आणि पन्नासच्या आत जायच्या आधी वर आलेलं असायचं. मग हाताच्या खुणा. ओके म्हणजे बोट आणि अंगठा जोडून गोल करायचा. अंगठा वर म्हणजे मस्त नाही, अंगठा वर म्हणजे वर चला. पोरीने घरी येऊन आम्हाला जेवताना सगळ्या खुणा करून दाखवल्या, भाजी हवी का विचारलं की गोल करायची.

निघताना सर मला म्हणाले, मॅडम समुद्रात पहिल्यांदा नेताना बोट कशी आहे ते नंतर बघा, आधी खाली तिच्याबरोबर कोण उतरणार ते विचारा. ते स्वतः मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला ग्रुप घेऊन जायचे, त्यामुळे मला वाटलं हे आपली ट्रिप खपवतायत. घ्या, इथेच माती खाल्ली मी.

मग इन्स्टावर एक पेज सापडलं. निळंशार पाणी, कासव, प्रवाळ, आणि ठळक अक्षरांत ‘प्रायव्हेट चार्टर बोट’. फक्त तुमची फॅमिली आणि इन्स्ट्रक्टर, बारा मीटर खोल, चाळीस मिनिटं पाण्याखाली, पाडी (स्कूबा शिकवून सर्टिफिकेट देणारी जगभरची संस्था) सर्टिफाइड, सर्टिफिकेट फ्री. चार्टर हा शब्द वाचूनच मी अर्धी विकली गेले होते, वाटलं गर्दीत पोरीला ढकलण्यापेक्षा चार पैसे जास्त गेले तरी चालतील. माझं सायनसचं दुखणं आहे म्हणून मी उतरणार नव्हते, लेक आणि नवरा दोघांचे साडेचार-साडेचार हजार आणि बोटीचे सहा, एकूण पंधरा हजार. दहा आधी भरा म्हणाले, भरले. क्यूआर कोड स्कॅन केल्यावर कुठल्याही कंपनीचं नाव नाही, एका माणसाचं नाव आलं, ते मी बघितलं आणि तरीही पिन टाकला. इन्स्ट्रक्टरचं नाव विचारलं तर ‘मॅडम सगळे एक्स्पर्ट आहेत टेन्शन नका घेऊ’. त्याच्या पाडी कार्डाचा फोटो मागितला तर आला, पण नावाच्या जागी फोटो काढणाऱ्याचं बोट. दुसऱ्या कुणाचं असं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर मी त्याला परत पाठवलं असतं.

ख्रिसमसच्या सुट्टीत फोंडा घाटातून मालवणला पोचलो. सकाळी सातला दांडी किनाऱ्यावर या म्हणाले, आम्ही पावणेसातला हजर, पोरगी स्विमसूट घालूनच झोपली होती बहुतेक. सात वाजले, आठ वाजले, फोन केला की ‘पाच मिनिटांत’, साडेदहाला एक पोरगा आला आणि आम्हाला एका बोटीकडे घेऊन गेला जिच्यात आधीच वीसेक माणसं बसलेली. एक अख्खी सहल होती कुठल्या तरी क्लासची. मी म्हटलं आमची चार्टर कुठाय, तर त्याला तो शब्दच माहीत नाही. फोन लावला, ‘मॅडम ती बोट इंजिनच्या कामाला गेलीय, सिझन आहे ना, पण डायव्ह सेम टू सेम’.

तिथून परत फिरायला हवं होतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबावरून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते, ती बातमी मला चांगली आठवत होती, बोटीत चढताना डोक्यात तीच होती. नवऱ्याला मिळालेल्या लाइफ जॅकेटचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळी बांधलेली. बोटीला किती माणसांचा परवाना आहे ते विचारायचं सुचलं नाही. पण पावणेचारशे किलोमीटर आलोय, दहा हजार गेलेत, पोरगी दिवाळीपासून दिवस मोजतेय, म्हणून चढलो. पैसे गेलेत म्हणून त्यांच्या मागोमाग पोरीलाही पाठवलं असंच म्हणायचं.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला खडकांपाशी नांगर टाकला, तिथे आधीच चार-पाच बोटी उभ्या. वारा सुटला होता, पाणी हिरवं आणि ढवळलेलं. तांडेल म्हातारे होते, सुकाणूपाशी बसून विडी ओढत मला म्हणाले, ‘आज पाणी गढूळ आसा ओ बाय, सकाळीच येवक व्हया होता.’ मी म्हटलं आम्ही सातपासून आलोय. ते काही बोलले नाहीत.

फॉर्म आला, एका पानाचा, इंग्रजीत, त्यात एकच गोष्ट, काही झालं तर जबाबदारी आमची. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, फिट येते का, औषधं चालू आहेत का, हे काही नाही. टँकवाल्या सरांनी हे सगळं विचारलं होतं आणि दम्याचं ‘हो’ असेल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा म्हणाले होते. माझ्या पोरीला दोन दिवसांपासून सर्दी होती. एकाने जरी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, आणि न विचारता मी का सांगितलं नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही.

शिकवणं झालं तीन मिनिटं. तोंडाने श्वास घ्या, घाबरू नका, मी पकडतो. तोंडात धरायचा तो रेग्युलेटर आधीच्या माणसाच्या तोंडातून निघाला की समुद्राच्याच पाण्याच्या बादलीत बुडवायचा आणि पुढच्याच्या तोंडात. मग लेकीची पाळी आली. तिला टाकी लावत होते तेव्हा तिने सवयीने काट्याचं मीटर हातात घेऊन बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, आई हे सत्तरवर आहे. मी त्या पोराला विचारलं. तो हसला, मीटरवर बोटाने दोन टिचक्या मारल्या, काटा हलला नाही, तर म्हणाला ‘ताई हा मीटर खराब हाय, टाकी फुल्ल हाय’. म्हणजे एक तर टाकी संपत आलेली किंवा मीटर बंद पडलेलं, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तरी पोरीला त्या टाकीवर खाली न्यायचं नसतं हे तेरा वर्षांच्या पोरीला कळत होतं. टाकी बदला म्हणून मी ओरडले तेव्हा कुठे बदलली. दुसऱ्या टाकीचा काटा बघू दिलाच नाही, तोवर तिला पाण्यात घेतलं होतं.

एका माणसाने एका हातात तिची टाकी आणि दुसऱ्या हातात त्या क्लासच्या एका मुलाची टाकी धरली आणि दोघांना घेऊन खाली गेला. बारा मीटर वगैरे काही नाही, बोटीवरून त्याची पिवळी टोपी दिसत होती, चार मीटर असेल फार तर. आता कोणाला वाटेल चार मीटर म्हणजे काय, पोहण्याच्या तलावापेक्षा थोडं जास्त. पण कानाचा त्रास पहिल्या काही मीटरांतच सगळ्यात जास्त होतो, कारण दाब त्यातच झपाट्याने बदलतो, दहा मीटरला तर तो वरच्या दुप्पट होतो. दोन्ही हातांत टाक्या धरलेल्या माणसाला कुठल्या पोराचा कान दुखतोय ते कसं कळणार, आणि ज्याचं नाक सर्दीने चोंदलंय त्याने कितीही नाक दाबलं तरी कान उघडत नाही.

नवऱ्याच्या घड्याळाने आठ मिनिटं. वर आली तेव्हा मास्कच्या आत खालच्या बाजूला गुलाबी पाणी साचलेलं. मास्क काढला तर नाकातून रक्त. तो माणूस म्हणाला ‘होतं असं, पयली टाइम हाय ना’ आणि पुढच्याची टाकी लावायला लागला. नवरा उतरलाच नाही मग.

परत येताना तांडेलांनी पोरीला त्यांचा कोरडा टॉवेल दिला आणि मला हळूच विचारलं, ‘तुमच्याकडून किती घेतल्यानी?’ मी आकडा सांगितला. त्यांनी विडी तोंडातून काढली. त्यांच्या बोटीला माणशी पाचशे मिळत होते, ते पेज कोण चालवतं तेही त्यांना माहीत नव्हतं, फोन येतो, माणसं येतात, एवढंच. म्हणजे मी मालवणच्या माणसांकडून फसले असं म्हणायला जीभ रेटत नाही. बोटीवरचा ढिसाळपणा त्यांचा होताच, तो काही माफ नाही, पण चार्टर, इन्स्ट्रक्टर, बारा मीटर हे सगळं विकणारा माणूस समुद्रापासून दूर कुठेतरी खोलीत बसून मोबाइलवर विकत होता, आणि त्याने ना ती बोट कधी बघितली असेल ना ती बादली.

किनाऱ्यावर व्हिडिओचे बाराशे वेगळे. पोरीला खाली काय झालं ते बघायचं म्हणून दिले. व्हिडिओत काय, हातात ब्रेडचा तुकडा कोंबलाय, मासे त्यावर तुटून पडतायत (१९८७ पासून सागरी अभयारण्य आहे तिथे, आणि ब्रेड), आणि मग पोरगी आधी कानाकडे बोट दाखवते, हात डावीउजवीकडे हलवते म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि नंतर अंगठा वर, परत अंगठा वर, तीन वेळा. कॅमेरावाला तिला उलट अंगठा दाखवतो. गाडीत तिने एवढंच सांगितलं, मी वर चल म्हणत होते आई, त्याला वाटलं मला आवडलं.

कुडाळला कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. पडदा लाल, सुजलेला, फाटला नव्हता हे नशीब. तीन आठवडे पाण्यात जायचं नाही, त्यात तिची जानेवारीतली स्पर्धा गेली. सर्टिफिकेट मात्र व्हॉट्सअॅपवर वेळेत आलं, नाव चुकलेलं, खाली ‘सर्टिफाइड स्कूबा डायव्हर’. असल्या एका डायव्हला कोणी सर्टिफाइड होत नाही, पाडीचा ओपन वॉटर कोर्स करायचा तर टँकमधलं शिक्षण, थिअरी आणि समुद्रात चार डायव्ह लागतात. दहा वर्षांच्या पुढची मुलं तो करू शकतात, पण दहा-अकराच्या पोरांना बारा मीटरच्या खाली न्यायचं नसतं. हे सगळं मी आल्यावर वाचलं. पाडीच्या साइटवर इन्स्ट्रक्टरचा नंबर टाकला की तो खरा आहे का ते दोन मिनिटांत कळतं, हेही आल्यावर. तारकर्लीला एमटीडीसीचं स्वतःचं स्कूबा शिकवायचं सेंटर आहे, आम्ही त्याच्यावरूनच गाडीने गेलो होतो, पोरीने बोर्ड दाखवला होता, मी म्हटलं आपलं बुकिंग झालंय.

पैशाचं म्हणाल तर आधी ‘डायव्ह झाली ना मॅडम’, मग उरलेले पाच हजार कधी देताय म्हणून उलट मेसेज, मग ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन केला तर ते म्हणाले सर्व्हिस मिळालीय म्हणजे हा सायबर फ्रॉड होत नाही, ग्राहक तक्रार करा. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर केली, पावती मागितली, पावती कुठून आणू, क्यूआर कोडवर एका माणसाचं नाव आणि पेजवर दुसरंच. तक्रार अजून पेंडिंग दिसते. १९१५ वरच्या बाईंनी सांगितलं ते तुम्हाला सांगते, आधी पावती घ्या, त्यावर बोटीचा नंबर आणि किती माणसं ते लिहून घ्या, नाही म्हणाले तर पैसे भरू नका.

शेजारणीला मी नंबर दिला नाही. तिला म्हटलं, दोनच प्रश्न विचार, माझ्या पोराबरोबर खाली कोण येणार त्याचं नाव काय, आणि त्याच्या दुसऱ्या हातात कोण असेल. तिने तीन ठिकाणी विचारलं, दोघांनी टेन्शन नका घेऊ सांगितलं. तिसऱ्याने नाव दिलं, नंबर दिला, वर मुलाला सर्दी असेल तर आणूच नका म्हणाला.

आणि हे परवाचं. तेच पेज नवीन नावाने सुरू झालंय, फोटो तेच, कासव तेच. मध्ये एक फोटो नवीन आहे, हिरव्या पाण्यात माझी पोरगी, मास्कमध्ये डोळे मोठे झालेले, अंगठा वर. खाली लिहिलंय ‘आमची हॅपी कस्टमर’. मी नवऱ्याच्या फोनवरून मेसेज केला की अल्पवयीन मुलीचा फोटो आहे, लगेच काढा. उत्तर आलं, फक्त एक अंगठा.