गाडीतला 12 व्होल्टचा फ्रीज : आठ महिन्यांचा अनुभव, त्यातला निम्मा प्लगविषयी

आठ महिन्यांपूर्वी घेतलेल्या या 18 लिटरच्या फ्रीजविषयी लिहिण्याचा कंटाळा करत होते. पण गेल्या आठवड्यात त्याच्या प्लगचे टोक वितळले आणि "वायर व प्लग हमीत येत नाहीत" एवढे एकच वाक्य सेवा केंद्राने तीन वेळा ऐकवले, तेव्हा लिहिणे भाग पडले. माप, वजन आणि क्षमता सर्वांना ठाऊक आहेत, त्यामुळे त्यांची उजळणी करत नाही. हा कॉम्प्रेसरवाला प्रकार आहे. कॉम्प्रेसर नसलेल्या, पंख्याच्या स्वस्त थंडपेटीचे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा फार तर 20 अंशांनी उतरते, म्हणजे किनाऱ्यावरच्या 34 अंशांत तिचा उपयोग पाणी गार राखण्यापुरताच. म्हणून मन घट्ट करून 15,000 रुपये मोजले.

खरेदीचे कारण आमची डिसेंबरातली कारवार ते कोची ही सहल. आम्ही दोघेच, आणि हॉटेलातले ताट मात्र नेहमी तिघांचे. उरलेले अन्न टाकणे माझ्या जिवावर येते. पहिल्या दिवशी कारवारला सकाळी बाटलीत भरून घेतलेली सोलकढी दीडशेहून अधिक किलोमीटर पुढे मरवंते येथे, एका बाजूला सौपर्णिका नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र असलेल्या त्या रस्त्याच्या कडेला, दुपारी दोन वाजता प्यायलो. नारळाचे दूध एरवी इतका वेळ टिकत नाही; इथे ती सकाळपेक्षा चांगली लागली. कुंदापूरला चिकन घी रोस्ट आणि नीर डोसे घेतले. अर्धा रोस्ट उरला, रात्रभर फ्रीजमध्ये राहिला, आणि सकाळी ब्याडगी मिरचीने लाल झालेल्या तुपाचा घट्ट थर बाजूला न काढता मुक्कामाच्या घरच्या तव्यावर गरम केला. आदल्या दिवशी जो मसाला नुसता तिखट वाटला होता, तो आता आतपर्यंत मुरला होता. त्या सकाळी मी या यंत्राला पाचपैकी पाच तारे देऊन टाकले होते.

मंगळूरला काणे मासा रवा लावून तळलेला खाल्ला, तो उरण्याचा प्रश्नच आला नाही. कोरी रोट्टी, म्हणजे तांदळाची कुरकुरीत रोट्टी आणि कोंबडीचा रस्सा (गस्सी), मात्र बांधून घेतली. रोट्टी कोरडी असल्याने टिकते; खरी काळजी तिच्याबरोबरच्या नारळाच्या दुधातल्या गस्सीची. पुढे राष्ट्रीय महामार्ग 66 च्या रुंदीकरणामुळे जागोजागी वळवलेला रस्ता आणि खड्डे होते. बेकलचा किल्ला उन्हात पाहून परतलो, झाकण उघडले, आणि वासानेच सगळे कळले. फ्रीज बंद होता. "अहो, हे आता खाऊ नका," असे सांगूनही यांनी एक बोट चाखले आणि मुकाट्याने डबा बाहेर रिकामा केला. यंत्रच सदोष आहे, अशी तक्रार मी तिथूनच नोंदवली.

ती तक्रार चुकीची होती, हे कण्णूरच्या एका इलेक्ट्रिशियनने दाखवून दिले. गाडीतले हे सॉकेट मुळात सिगारेट पेटवण्यासाठी घडवलेले. प्लगच्या टोकाशी स्प्रिंग असते आणि ती प्लगला सतत बाहेर ढकलते. त्याला धरून ठेवतात त्या फक्त बाजूच्या दोन पत्र्याच्या पट्ट्या. चार्जरला तेवढे पुरते, पण सुमारे 45 वॅटचा, म्हणजे जवळजवळ 4 अँपिअर खेचणारा फ्रीज तासन्‌तास चालवायचा असेल, तर प्रत्येक गतिरोधकावर प्लग थोडा थोडा सुटत जातो. त्याने पक्कडीने पट्ट्या किंचित बाहेरच्या बाजूला वाकवल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्यानंतर थलश्शेरीची कैमा तांदळाची बिर्याणी एक रात्र आणि अर्धा दिवस व्यवस्थित राहिली, आणि कोचीपर्यंत काहीही वाया गेले नाही.

म्हणजे दोष गाडीचा, यंत्राचा नव्हे, असे मानून मी सहा महिने गप्प राहिले. आता ते मत पुन्हा बदलले आहे. संपर्क ढिला असला की तिथे विजेला अडथळा होतो आणि टोक तापते. फ्रीजपर्यंत व्होल्टेजही कमी पोहोचते, त्यामुळे बॅटरी उत्तम असूनही तो ती उतरली असे समजून स्वतःहून बंद पडतो. मोटारीची बॅटरी वाचवणारी ही सोय योग्यच आहे, पण बंद पडताना साधी शिटीही वाजू नये? झाकणावरचा दिवा विझला, हे मागच्या आसनावर ठेवलेल्या फ्रीजकडे मान वळवून कोण पाहणार? इतके पैसे घेणाऱ्यांनी फिरवून घट्ट बसणारा प्लग द्यायला हवा होता. अशा प्लगची किंमत माझ्या चौकशीत 180 रुपये निघाली.

सेवा केंद्राने नव्या वायरचे 1,100 रुपये सांगितले. मी ती घेतली नाही. जळालेले टोक कापून तो 180 रुपयांचा प्लग बसवून घेतला, आणि बॅटरीपासून फ्यूज लावलेली वेगळी जाड तार ओढून त्याच्या जोडीचे सॉकेट मागच्या आसनाजवळ लावले, त्याचे 450 रुपये पडले. फ्रीज आजही 35 मिनिटांत 5 अंशांवर येतो आणि कॉम्प्रेसरचा आवाज गाडी चालू असताना ऐकूही येत नाही. तारे साडेतीन, कापलेल्या दीडपैकी एक गस्सीचा आहे.