फ्यूज, एमसीबी की आरसीसीबी? घरच्या बोर्डात काय बसवायचं

जुन्या घराचं वायरिंग बदलायला काढलं की घरात चर्चा होते ती स्विचच्या रंगाची आणि पंखे कुठले घ्यायचे याची. मेन बोर्डात काय बसणार, हे बहुधा वायरमन ठरवतो आणि आपण मान डोलावतो. एवढ्या सगळ्या खर्चात जिवाशी थेट संबंध असलेली निवड मात्र तीच. पर्याय तीन असतात: जुना किटकॅट फ्यूज आहे तसाच ठेवायचा, त्याच्या जागी एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की आपोआप पडणारे खटके) लावायचे, किंवा एमसीबीच्या जोडीला आरसीसीबीही (प्रवाह जमिनीकडे फुटला की पडणारा खटका) घ्यायचा. दुकानदार तिन्ही वस्तू एकाच कामाच्या असल्यासारख्या दाखवतो, साधी-बरी-भारी अशी चढण लावून. पण पहिल्या दोन वस्तू वायर वाचवतात आणि तिसरी माणूस. हे एकदा लक्षात आलं की निम्मा निर्णय तिथेच होतो.

आधी थोडं गणित, कारण त्याशिवाय हा फरक दिसत नाही.

घरात येणारी वीज २३० व्होल्टची. फेजमधून प्रवाह उपकरणात जातो आणि न्यूट्रलने परततो. हा फेरा पूर्ण झाला तरच दिवा लागतो. प्रवाह किती वाहील हे त्या वाटेतला रोध ठरवतो: व्होल्टला ओहमने भागा, अँपिअर मिळतात. २००० वॅटच्या गिझरच्या कॉइलचा रोध साडेसव्वीस ओहमच्या आसपास, म्हणजे तो पावणेनऊ अँपिअर ओढतो. एलईडी बल्बला अँपिअरचा दहावा हिस्साही लागत नाही.

बिघाड तीन तऱ्हेचे. एकाच लाइनीवर गिझर, इस्त्री आणि ओव्हन एकदम चालवले की वायरच्या कुवतीबाहेर प्रवाह जातो, तो ओव्हरलोड. फेज आणि न्यूट्रल एकमेकांना चिकटले की वाटेत उपकरणच उरत नाही. वायरचा मिळून अर्धा ओहम रोध धरला तरी प्रवाह ४६० अँपिअर होतो, तो शॉर्ट. तिसरा प्रकार सगळ्यांत गुपचूप होतो. प्रवाहाचा काही भाग न्यूट्रलने न परतता पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत जातो. हे लिकेज.

किटकॅट फ्यूज

चिनीमातीच्या खाचेत कथिल चढवलेली बारीक तांब्याची तार. प्रवाह वाढला की तार वितळते आणि लाइन तुटते. यात बिघडण्यासारखं काही नाही, म्हणून जुने लोक अजून त्याचं कौतुक करतात. पण ही तार वितळायला तिच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळपास दुप्पट प्रवाह लागतो, आणि तोवर भिंतीतली वायर भाजत असते. त्याहून मोठा दोष आपल्या सवयीचा आहे. दोनदा फ्यूज उडाला की तिसऱ्यांदा कुणीतरी लवचीक वायरच्या चार तारा पिळून बसवतो आणि 'आता नाही उडणार' म्हणतो. नाहीच उडत. कित्येक जुन्या बोर्डांत तर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना फ्यूज असतो. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की घर अंधारात जातं आणि फेज मात्र जिवंत राहतो. असा बोर्ड असेल तर पुढचं वाचण्याआधीच तो बदलायचं ठरवा.

एमसीबी

एमसीबीत दोन यंत्रणा असतात. ओव्हरलोडसाठी दोन धातूंची जोडपट्टी, जी तापून वाकते आणि खटका पाडते. शॉर्टसाठी तारेचं वेटोळं, जे चुंबक बनून क्षणात खटका ओढतं. पडला तर कारण काढायचं आणि खटका वर करायचा. तार शोधत मेणबत्ती धरून उभं राहायला नको. फ्यूजपेक्षा तो सरस आहे यात वाद नाही, त्यामुळे त्या दोघांची तुलना लांबवत नाही.

आकडा मात्र नीट निवडा. तो वायरच्या जाडीवर ठरतो, उपकरणावर नाही. घरगुती वायरिंगचा प्रघात असा: दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरीला १० अँपिअरचा, अडीचच्या वायरीला १६ चा, चारच्या वायरीला २० किंवा २५ चा. 'सोळाचा सारखा पडतोय म्हणून बत्तीसचा टाकला' हे ऐकलं की समजायचं, चार तारा पिळणारा नव्या कपड्यांत आलाय.

आता खरा प्रश्न. एमसीबी असताना माणसाला शॉक बसला, तर तो पडेल का?

ओल्या हातापायांनी उभ्या असलेल्या माणसाचा रोध ढोबळ हजार ओहम धरा. २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. हा प्रवाह साध्या सीलिंग पंख्याच्या प्रवाहापेक्षाही कमी आहे. सोळाच्या एमसीबीच्या लेखी कुणीतरी एक छोटा पंखा लावला, इतकंच. जिवाचं गणित मात्र हजारांश अँपिअरमध्ये चालतं. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात चार्ल्स डॅलझिएल यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून किती प्रवाहापर्यंत माणूस हातातली तार सोडू शकतो हे मोजलं होतं. सरासरी निघाली पुरुषांची १६ मिलीअँपिअर आणि स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आवळतात आणि हात चिकटतो. ३० मिलीअँपिअरच्या वर प्रवाह टिकून राहिला तर हृदयाची लय बिघडू शकते. एमसीबी यातलं काहीच पाहत नाही, कारण ते त्याचं काम नाही.

'पण अर्थिंग आहे की आमच्याकडे,' असं म्हणाल. तर विदर्भातला कूलर घ्या. पत्र्याची बॉडी, आत पाणी, पाण्यात बुडालेला पंप. कूलरचा शॉक लागून दगावल्याच्या बातम्या तिकडे दर उन्हाळ्यात येतात. पंपाची वायर सोलली आणि पत्र्यात करंट उतरला. घराचं अर्थिंग, म्हणजे पत्र्याला जमिनीशी जोडणारी वायर, स्वतंत्र खड्ड्यात पुरलेलं आहे आणि सगळी वाट मिळून रोध १० ओहम आहे. प्रवाह झाला २३ अँपिअर. सोळाचा एमसीबी पडायला हवा ना? नियमाप्रमाणे एमसीबी त्याच्या आकड्याच्या १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडला पाहिजे. सोळाचे १.४५ पट म्हणजे २३.२. आपला प्रवाह त्याच्याही किंचित खाली. झटक्यात पडायला सी प्रकारच्या एमसीबीला पाच ते दहा पट, म्हणजे ८० ते १६० अँपिअर लागतात. तर एमसीबी निवांत बसून राहतो, आणि रोधाचा मोठा भाग खड्ड्यातच असल्यामुळे पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज उभं राहतं. त्यात मे महिन्यात माती वाळून भेगाळली की खड्ड्याचा रोध आणखी वाढतो. म्हणजे कूलर चालतो नेमक्या त्याच दिवसांत अर्थिंग सगळ्यांत लेचंपेचं असतं. खड्ड्यात पाणी ओतत राहा असं जुने वायरमन सांगतात ते उगीच नाही.

आरसीसीबी

हा प्रवाह किती मोठा आहे ते पाहत नाही, त्याचा जमाखर्च जुळतो का ते पाहतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. गेलेला प्रवाह तितकाच परतला की दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. थोडा जरी प्रवाह जमिनीकडे फुटला तर कड्यावरच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते आणि खटका पडतो. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी १५ ते ३० च्या दरम्यान पडतो, तेही जास्तीत जास्त ०.३ सेकंदात. वरच्या कूलरमध्ये २३ अँपिअर फुटले होते. हा पहिल्याच क्षणी पडला असता, कुणी पत्र्याला हात लावायच्या आधी.

अर्थिंगच नसेल तरीही तो काम करतो, हे फार थोड्यांना माहीत असतं. अशा घरात माणूस पत्र्याला लागल्यावरच प्रवाह फुटतो, म्हणजे झटका बसतो, पण तो क्षणाचा. चाळीतल्या किंवा भाड्याच्या खोलीत, जिथे अर्थिंग करून घेणं आपल्या हातात नाही, तिथे एवढा एकच मार्ग उरतो.

त्याच्या मर्यादाही ऐका. ओव्हरलोड आणि शॉर्ट त्याला कळत नाहीत, म्हणून एमसीबीशिवाय तो लावायचाच नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेला माणूस त्याला बल्बसारखाच वाटतो. एक एमसीबी शे-दोनशे रुपयांत येतो, आरसीसीबीला दीड-दोन हजार तरी मोजावे लागतात.

आणि तो 'सारखा पडतो'. जुन्या घरात आरसीसीबी बसवला की आठवड्याभरात ही तक्रार येतेच. यात बिचाऱ्याचा दोष क्वचित असतो. दोन लाइनींचा न्यूट्रल कुठेतरी एकत्र केलेला असतो, इन्व्हर्टरचा न्यूट्रल मेनमध्ये मिसळलेला असतो, नाहीतर तीन पिनच्या सॉकेटमध्ये अर्थच्या जागी न्यूट्रलचीच वायर फिरवलेली असते. ही शेवटची हातचलाखी जीवघेणी आहे. न्यूट्रल मागे कुठे तुटला तर फ्रिजचा दरवाजासुद्धा करंट मारतो. आरसीसीबी या सगळ्या जुन्या चोऱ्या एकेक करून पकडतो. मग चोरी शोधायचा कंटाळा आलेला वायरमन आरसीसीबीच काढून लाइन 'डायरेक्ट' करून देतो. तसं करू देऊ नका. एकेक एमसीबी खाली करून कुठल्या लाइनीवर पडतो ते पाहिलं तर दोष बहुधा तासाभरात सापडतो.

मग घ्यायचं काय

पूर्ण वायरिंग नवं होत असेल तर प्रत्येक लाइनीला एमसीबी आणि वर दोन आरसीसीबी. एकावर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि वॉशिंग मशीन, दुसऱ्यावर बाकीचं घर. सगळं एकावरच टाकलं तर मध्यरात्री गिझर बिघडल्यावर घरभर अंधार होतो. फ्रिजची लाइन ओल्या खोल्यांपासून वेगळी राहिली तर दिवाळीला गावी गेल्यावर दुधा-भाज्यांची काळजी कमी.

बजेट तुटपुंजं असेल तर स्विच साधे घ्या, पण गिझर, कूलर आणि वॉशिंग मशीनची लाइन आरसीसीबीखाली आणा. एकाच लाइनीपुरतं हवं असेल तर आरसीबीओ मिळतो, त्यात एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही असतात. फ्यूज ठेवण्याच्या बाजूने मला काही सुचत नाही.

घेताना डब्यावरचे दोन आकडे वाचा. ४० अँपिअर म्हणजे तो किती प्रवाह पेलतो. दुसरा आकडा ३० मिलीअँपिअर हवा. १०० किंवा ३०० वाला आगीपासून राखण देईल, माणसाला नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या सुरक्षा नियमांतही घरासाठी मर्यादा ३० चीच होती. 'एसी' आणि 'ए' असे प्रकार दिसतील. इन्व्हर्टरवाला एअर कंडिशनर, इंडक्शन शेगडी, नवं वॉशिंग मशीन घरात असेल तर 'ए' घ्या, कारण इलेक्ट्रॉनिक उपकरणांतून फुटणारा अर्धवट डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह 'एसी' प्रकाराला नीट कळत नाही.

त्यावरचं 'टेस्ट' बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला तर यंत्र ठीक, नाही पडला तर त्याच दिवशी बदला. हे बटण फक्त आरसीसीबीची तपासणी करतं, घराच्या अर्थिंगची नाही. त्यासाठी वायरमनला अर्थ टेस्टर घेऊन बोलवावं लागतं, आणि शक्यतो मे महिन्यात. पावसाळ्यात मोजलेला आकडा कुठल्याही खड्ड्याला पास करतो.