शब्दतपासणी: हनस्पेल की ऑनलाइन सेवा?

रावेरच्या केळीबागायतदारांसाठी नोंदवहीचं ॲप करताना हनस्पेल हे शब्द तपासणारं मुक्त सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन सेवा, दोन्ही वापरून पाहिलं. ऑनलाइन सेवा जोडायला सोपी. पण मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर जातो आणि बागेत रेंज गेली की तपासणी बंद.

हनस्पेल फोनमध्येच चालतं. लिबरऑफिस, फायरफॉक्समध्येही तेच आहे. त्याच्या दोन फायली: एकीत मूळ शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. मराठीत खरी मेहनत इथेच. 'बाग'चं 'बागेत' होतं. नुसता प्रत्यय चिकटवून भागत नाही, सामान्यरूपाचा नियम लिहावा लागतो. त्यात बरेच दिवस गेले. पण 'कांदेबाग' (केळीचा एक लागवड हंगाम), 'निसवण' (केळीचा घड बाहेर पडणं), अगदी अहिराणीतलं 'मन्हा' (माझा)सुद्धा आपल्याला यादीत घालता येतं. मी हनस्पेलच ठेवलं. शेतकऱ्याच्या बरोबर शब्दाखाली लाल रेघ मला बघवत नाही.