आधी जर्मन की आधी युरोपियन?

जर्मनीच्या सीमेवरच्या आखन शहरातल्या आमच्या मराठी कट्ट्यावर सध्या नागरिकत्वाच्या अर्जांचीच चर्चा असते. जून २०२४ पासून आठऐवजी पाच वर्षांचं वास्तव्य पुरतं. ओसीआय (भारतीय पासपोर्ट सोडल्यावर मिळणारं कार्ड), नागरिकत्वाच्या परीक्षेत ३३ पैकी १७ प्रश्न बरोबर, हे आता सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र वेगळंच विचारतात: "तुझं झालं ना? मग आता तू जर्मन की युरोपियन?"

कागदावर भांडणच नाही. पासपोर्टवर वर 'युरोपियन युनियन', त्याखाली जर्मनी. १९९२ साली नेदरलँड्समधल्या मास्त्रिख्तला युनियनच्या करारावर सह्या झाल्या आणि युरोपचं नागरिकत्व आलं, पण आत शिरायचं ते एखाद्या देशाच्याच दारातून. प्रश्न आहे तो छाती कशासाठी फुगवायची, याचा.

ऊब देशातच आहे, हे आधी मान्य करतो. २०२४ च्या युरो कपात स्पेनने जर्मनीला जादा वेळेत हरवलं, तेव्हा आमची मुलगी पांढरी जर्सी न काढता, न जेवता झोपली. युरोपसाठी असं कोण उपाशी झोपतं? २००५ मध्ये फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी युरोपची राज्यघटना फेटाळली, तेव्हाही कुणी उपाशी झोपलं नसणार. युरोपच्या गीताला अधिकृत शब्दच नाहीत. नोटांवरचे पूल काल्पनिक, का तर कुठल्या देशाला राग नको. (पुढे रॉटरडॅमजवळच्या स्पेकेनिसे गावाने ते पूल खरोखरच बांधले!) पेन्शन, शाळा, दवाखाना सगळं देशाचं, युनियनचं बजेट सगळ्यांच्या मिळून उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्का. परराष्ट्र धोरणात तर एकटा हंगेरी नाही म्हणाला की २७ जणांचं गाडं अडतं. याला राजकीय संघ म्हणायचं तर जरा भीतभीतच.

इतकं असूनही माझं पारडं फिरलं ते एका बसमध्ये.

माझी नोकरी मास्त्रिख्तला, बसने तासाभराचा रस्ता. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या सीमांवर तपासणी सुरू केली. एका संध्याकाळी सीमेवरचं फाल्स गाव ओलांडल्यावर दोन पोलीस बसमध्ये चढले. गच्च भरलेल्या बसमधून तिघांकडे कार्ड मागितलं. कोणते तिघं, ते सांगायला नको. माझं जर्मन ओळखपत्र उलटसुलट पाहून झालं, परत मिळालं आणि मग अगदी नम्रपणे प्रश्न आला, "पण मूळचे कुठले?" माणूस सज्जन होता. पण हाच प्रश्न मला शेजारच्या आजीही विचारतात, बेकरीतली मुलगीही विचारते, आणि 'आखन' हे उत्तर कधीच पुरत नाही. जर्मन व्हायला परीक्षा पुरते. जर्मन दिसायला आजोबा लागतात.

ऑफिसच्या टेबलावरही 'मूळचे कुठले' होतंच, पण ते सगळ्यांनाच. थेसालोनिकी, गदान्स्क, गेंट, सातारा. आणि लगेच डब्यात काय आहे हा पुढचा प्रश्न. आमचा लिंबर्गचा, म्हणजे दक्षिण नेदरलँड्सचा, सहकारी तर 'हॉलंडर' म्हटलं की चिडतो; ते लोक वर उत्तरेकडे राहतात म्हणे. घाटावरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता एका बसवरून खंडाचा हिशेब मांडू नये, हे मलाही कळतं. सीमेपासून लांब, एकाच गावात मुलाबाळांसह रुजलेल्या माणसाला देशच जवळचा वाटेल, आणि त्यात चूक काही नाही. आमच्या घरातच मतभेद आहेत. बायको म्हणते, "अर्ज जर्मनीने मंजूर केला. तुझ्या युरोपने काय केलं?" यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

तरी रायडर कप आला की मी टीव्हीसमोर असतो. गोल्फमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण तिथे युरोप बारा ताऱ्यांच्या झेंड्याखाली अमेरिकेशी खेळतो. मुलगी विचारते, "बाबा, यात जर्मन किती आहेत?" मी मोजलेले नसतात.