झुडपी बेडूक ओळखायचा: आवाजावरून की डीएनएवरून?

सिंधुदुर्गात पावसाळी रात्री करवंदीच्या एकाच जाळीत तपकिरी आणि पिवळसर असे चिमुकले झुडपी बेडूक दिसतात. रंगावर विसंबू नका, एकाच प्रजातीत तो पार बदलतो.

माझा कल ध्वनिमुद्रणाकडे. नर गळ्याची पिशवी फुगवून ओरडतो, त्याला हातही लावावा लागत नाही. मात्र तापमान टिपायलाच हवं; गारव्यात टकटक मंदावते. मादीपाशी ही पद्धत अडते.

डीएनए मादीलाही चालतो, पण परवानगी आणि खर्च आला. १६एस या, प्रजातींची तुलना करायला वापरतात त्या जनुकात साधारण ३ टक्क्यांहून जास्त फरक म्हणजे वेगळ्या प्रजातीचा संशय, पुरावा नव्हे.

राओर्केस्टेस बॉम्बेएन्सिस या झुडपी बेडकाच्या प्रजातीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १९१९चं, कर्नाटकातल्या कॅसलरॉकच्या नमुन्यावरचं. तिथल्या बेडकाचा आवाज आणि डीएनए जुळवल्याशिवाय कोकणातल्या बेडकाला ते नाव ठामपणे देऊ नये.