अंतराळ करिअर शिबिर: आकाश छान दाखवलं, वाट अर्धीच सांगितली

दिवाळीच्या सुट्टीत भाचीला घेऊन साताऱ्यातल्या दोन दिवसांच्या अंतराळ करिअर शिबिराला जाऊन आले. ती नववीत आहे. फी २,४०० रुपये. त्यात टी-शर्ट, बाटली रॉकेटचं किट, दोन्ही दिवसांचं जेवण आणि प्रमाणपत्र. पाचपैकी अडीच तारे देतेय. त्यातले दोन आकाशदर्शनाचे, अर्धा मसालेभाताचा.

आधीच सांगून टाकते, मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. त्यामुळे माझा चष्मा कुठला ते ओळखूनच पुढचं वाचा.

पहिला दिवस मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये. व्याख्याते सर बोलायला पट्टीचे, पोरं हलली नाहीत जागची. कल्पना चावला, सुनीता विल्यम्स, २०२५ च्या जूनमध्ये अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशु शुक्ला, मग नासाचे फोटो, मग पुन्हा नासा. नासाच्या कायम नोकरीला साधारणपणे अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, हे मात्र एकाही स्लाइडवर नव्हतं. इस्रोला उरली वीस मिनिटं. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड देऊन तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ शिक्षणाच्या संस्थेत जा, नाहीतर इंजिनीअरिंगला ६५ टक्के पाडून सायंटिस्ट/इंजिनीअर 'एससी' (आरक्षणातलं एससी नव्हे, पदाची श्रेणी) पदाची परीक्षा द्या. चूक काहीच नाही त्यात. पण तेवढंच?

मागच्या रांगेतला एक मुलगा उठला. "सर, माझा दादा वेल्डर आहे. आयटीआयवाल्यांना घेतात का इस्रोत?"

सर हसले. "अरे, आपण इथं मोठी स्वप्नं बघायला आलोय ना?" हॉलही हसला. पोरगं खाली बसलं आणि टी-शर्टची घडी उलगडत, पुन्हा घालत राहिलं.

घेतात हो, घेतात! 'टेक्निशियन-बी' नावाचं पद आहे. दहावी आणि त्या ट्रेडचं आयटीआय लागतं. आधी लेखी, मग स्किल टेस्ट, म्हणजे प्रत्यक्ष हाताचं काम. मूळ पगार २१,७०० पासून, वर भत्ते. डिप्लोमावाल्यांना 'टेक्निकल असिस्टंट', तिथं सुरुवात ४४,९०० ला. फायरमन, ड्रायव्हर, स्वयंपाकी यांच्यासुद्धा जाहिराती निघतात. माझा एक विद्यार्थी तमिळनाडूत महेंद्रगिरीला आहे, जिथं इंजिनं पेटवून तपासतात. गणपतीत भेटायला आला तर म्हणाला, "मॅडम, तुम्ही एक नट दोनदा बघायला लावायचात तेव्हा राग यायचा. तिथं नट आवळायला एक माणूस, बघायला दुसरा, आणि दोघांच्या सह्या."

बरं, सगळं इस्रोतच बनतं असंही नाही. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या मोटरची केसिंग, म्हणजे बाहेरची कवचं, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगरला बनत आलीय. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारं गाव ते. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं होती, आणि विकास इंजिनं बनवण्यात विक्रोळीच्या गोदरेजचा हात जुना. ही ठिकाणं एसटीनं गाठता येतात. नासाच्या ह्यूस्टन केंद्राचे बारा फोटो दाखवले, यातला एक नाही.

जेवताना सरांना हे सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, आयटीआय ऐकायला पालक २,४०० भरत नाहीत." यावर मला उत्तर सुचलं नाही. मसालेभात खरंच चांगला होता, जिलेबीही गरम.

दुसऱ्या दिवशी रॉकेट. दोन लिटरची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, रबरी बूच, सायकलचा पंप. पुठ्ठ्याचे पंख ग्लू गननं चिकटवायचे. चिकटवायची घाई इतकी, की भाचीचे तीन पंख तीन दिशांना. उडवलं तर दोन गिरक्या घेऊन थेट मांडवाच्या कापडात. स्वयंसेवक म्हणाला, "होतं असं." आणि पुढच्या बाटलीकडे वळला.

होतं असं, पण का होतं? हाच तर शिबिराचा जीव! माझ्या पर्समध्ये छोटा ट्राय स्क्वेअर, म्हणजे काटकोन तपासायचा गुण्या, असतो (हसू नका, काहींच्या पर्समध्ये लिपस्टिक असते). तो लावून पंख सरळ केले. तरी शेपूट जड वाटत होती. वॉचमनच्या मुलांनी कोपऱ्यात किल्ला केला होता, त्यांच्याकडून मूठभर माती मागितली आणि बाटलीच्या नाकाशी टेपनं बांधली. बाणाचं टोक जड असतं आणि पिसं मागे असतात, तसंच हे. वजनाचा तोल पुढे, वाऱ्याचा जोर मागे, की तिरकं झालं तरी वाराच त्याला सरळ करतो. या वेळी नारळाच्या वर गेलं. किल्लेवाले मावळे आमच्यापेक्षा जोरात ओरडले.

रात्रीचा दुर्बिणवाला कॉलेजचा पोरगा मात्र सोनं. शनी बघून मुलं हिरमुसली, कारण कडी नुसती आडव्या रेघेसारखी. त्यानं टोपी कडेनं धरून दाखवलं, की दर चौदा-पंधरा वर्षांनी आपल्याला ती कडी अशी कडेनं दिसते. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर देत होता, आणि माहीत नसेल तर "शोधून सांगतो" म्हणत होता. त्याला मानधन वाढवून द्या.

प्रमाणपत्रावर भाचीच्या नावाआधी 'कुमार' छापलंय. बदलून मागितलं, अजून आलेलं नाही.

नववीतल्या मुलांच्या पालकांसाठी एक गोष्ट, जी शिबिरात कुणी सांगितली नाही. इस्रोचा 'युविका' हा कार्यक्रम २०१९ पासून आहे, खास नववीसाठी आणि फुकट. निवडीत आठवीचे गुण धरतात, पंचायत हद्दीतल्या शाळेच्या मुलांना जादा गुण असतात. अर्ज ऑनलाइन. आम्ही तयारीला लागलोय. ताईनं आठवीची गुणपत्रिका हौसेनं लॅमिनेट करून ठेवलीय, आणि ती स्कॅन करायला गेलं की गणिताच्या गुणांवरच नेमका उजेड चमकतो.