तीनशे रुपयांचा वायरवाला रिमोट, आणि अधूनमधून क्लिकच न होणारा कॅमेरा

रेटिंग ५ पैकी ४.

वस्तू काय तर डीएसएलआरला लावायचा साधा वायरवाला शटर रिमोट, कुठल्या मोठ्या कंपनीचा नाही, ऑनलाइन तीनशेच्या आसपास मिळतो तो. घेतला होता काजव्यांचे फोटो काढायला. मे संपता संपता काजवे सुरू होतात तेव्हा ट्रायपॉड लावून बल्ब मोडवर (बटण दाबून धरलं तेवढा वेळ शटर उघडं राहतं तो मोड) शटर उघडं ठेवायचं तर बटणावर बोट ठेवून कोण बसणार. त्या कामाला मस्त आहे, त्यात काही लिहिण्यासारखं नाही. रिव्ह्यू लिहितोय तो दुसऱ्याच कारणासाठी.

माझी बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, जुनी आहे, कंपनीचं नाव लिहित नाही कारण जुन्या झाल्या की हा प्रॉब्लेम कुठल्याही कंपनीच्या कॅमेऱ्यात येऊ शकतो. प्रॉब्लेम असा की मध्येच कॅमेरा फोटो घेतच नाही. एरर नाही, स्क्रीनवर मेसेज नाही, बॅटरी फुल. अर्धं बटण दाबलं की बीप येतो, व्ह्यूफाइंडरमध्ये फोकसचा ठिपका लागतो, पूर्ण दाबलं की... काही नाही. परत दाबा, घेतो. मग पुढचे धडाधड घेतो आणि परत एकदा मुका. मावसबहिणीच्या लग्नात शेवटचं सावधान झालं, अंतरपाट खाली आला, दोघांनी एकमेकांना हार घातले आणि मी बटण दाबतोय दाबतोय, मागून मामा विचारतायत "अरे घेतलास ना?" आणि काय सांगणार. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर कॅमेरा न बघताच म्हणे मेनबोर्ड (आतलं मुख्य सर्किट) असेल, बॉडी पाठवून द्या. मेनबोर्डचा खर्च ऐकून तेवढ्यात दुसरी सेकंड हॅण्ड बॉडी येईल असं वाटलं.

आता रिमोट इथे कुठे येतो ते सांगतो. शटरचं बटण म्हणजे आत दोन पायऱ्यांचा स्विच असतो, अर्धं दाबलं की पहिला कॉन्टॅक्ट जुळतो आणि फोकस-मीटरिंग (उजेड मोजणं) चालू होतं, पूर्ण दाबलं की दुसरा जुळतो आणि शटर उडतं. रिमोटमध्येही तेच. मी उघडून बघितला, दोन स्क्रू आहेत फक्त, आत धातूच्या बारीक पट्ट्या एकावर एक आणि तीन वायरी, एक ग्राउंडची, एक फोकसची, एक शटरची, बाकी सर्किट वगैरे काही नाही. म्हणजे रिमोटने फोटो काढला की बॉडीवरचं बटण पूर्ण बाजूला पडतं आणि कॅमेऱ्याचं बाकी सगळं तेच राहतं. रिमोटने दरवेळी फोटो निघत असेल आणि बॉडीच्या बटणाने मध्येच निघत नसेल तर दोष बटणात, मेनबोर्ड-शटर-आरसा सगळे सुटले. इतकं सरळ आहे हे, पण फोनवर कोणी सांगत नाही.

पण टेस्ट नीट करा, नाहीतर काहीच कळत नाही. लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका, हे सगळ्यात महत्त्वाचं. सिंगल ऑटोफोकसमध्ये फोकस लागल्याशिवाय कॅमेरा मुद्दामच फोटो घेत नाही, तो बिघाड नाही, तसंच बनवलेलं असतं, आणि रिमोटनेही तेच होणार. पांढरी भिंत, अंधारा हॉल, किंवा फार जवळची वस्तू असली की फोकस लागत नाही. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची किट लेन्स साधारण २५ सेंटीमीटरच्या आत फोकसच करत नाही आणि लोक फुलाला नाक लावून दाबत बसतात. ऑटोफोकसमध्ये अडतो पण मॅन्युअलमध्ये कधीच अडत नाही असं असेल तर तुमचा कॅमेरा बहुतेक ठणठणीत आहे, पैसे वाचले.

दुसरं म्हणजे वरचा फ्लॅश बंद ठेवा, कारण फ्लॅश चार्ज होईपर्यंत बरेच कॅमेरे शटर सोडत नाहीत आणि बॅटरी उतरलेली असली की तो वेळ अजून वाढतो. कार्डाच्या बाजूची ती छोटी लॉकची पट्टी बघून घ्या, ढिली झाली असेल तर स्लॉटमध्ये घालताना आपोआप खाली सरकते आणि कार्ड लॉक होतं (पण तेव्हा स्क्रीनवर मेसेज येतो, त्यामुळे ओळखता येतं). रॉमध्ये (मोठ्या, न दाबलेल्या फाइलमध्ये) धडाधड काढले आणि कार्ड स्लो असलं तर बफर, म्हणजे कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी, भरतो, लाल लाइट लुकलुकत राहते आणि तेवढा वेळ कॅमेरा गप्प. क्लास १० म्हणजे सेकंदाला कमीत कमी १० एमबी लिहिणार, व्ही३० म्हणजे ३०. जुनं क्लास ४ चं कार्ड असेल तर आधी तेच बदला.

रिमोटनेही मध्येच अडत असेल तर मग लेन्स काढून तिचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या सुती फडक्याने पुसा, बॅटरीचेही पुसा, दुसरी लेन्स लावून बघा. कॅननवर एरर ०१ येतो तो याच लेन्स-बॉडी कॉन्टॅक्टचा असतो. निकॉनला जुनी रिंगवाली लेन्स लावली असेल आणि अ‍ॅपर्चरची (लेन्सच्या आतल्या उजेडाच्या भोकाची) रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर लॉक केलेली नसेल तर एफ-ई-ई असं येतं आणि शटर उडतच नाही, त्यात बिघडलेलं काही नसतं. हे सगळं करूनही अडत असेल तर मग शटर नाहीतर आरसा, तिथे आपलं काम नाही.

माझ्या केसमध्ये रिमोटने एकदाही चुकला नाही. आणि मग बाकीचं पण जुळलं, की पावसाळ्यात जास्त अडायचा (आम्ही चिपळूणचे, इथे जूननंतर कपाटातल्या चपलांना पण बुरशी येते), बरेच दिवस पडून राहिला की पहिले काही फोटो अडायचे, आणि बटण जरा तिरकं किंवा जोरात दाबलं की चालायचं. कॉन्टॅक्टवर गंज-मळ चढला की असंच होतं. इथल्याच एका रिपेअरवाल्या काकांकडे गेलो, त्यांना म्हटलं काका रिमोटने व्यवस्थित चालतो, तर ते म्हणाले मग अर्धं काम तुम्हीच करून आणलंत. बटणाचा भाग बदलला, खर्च मेनबोर्डच्या जवळपास पण नाही. हे घरी उघडायच्या फंदात मात्र पडू नका, वरच्या फ्लॅशचा कपॅसिटर सुमारे ३०० व्होल्टला चार्ज होतो आणि कॅमेरा बंद करून बॅटरी काढली तरी त्यात करंट राहतो, सणसणीत झटका बसतो.

आता घेण्याआधी. तुमच्या कॅमेऱ्याला टच स्क्रीन असेल तर स्क्रीनवर बोट लावून फोटो काढायची सोय असते, वायफाय असेल तर मोबाइल अ‍ॅपवरून पण निघतो, तीच टेस्ट फुकटात होते, काजवे वगैरे काढायचे नसतील तर रिमोट घेऊच नका. सेल्फ टायमर मात्र या टेस्टला उपयोगाचा नाही कारण तो पण त्याच बटणाने सुरू होतो. आणि पोर्ट बघून घ्या, लिस्टिंगवर "सर्व कॅमेऱ्यांना चालतो" लिहिलेलं असतं ते साफ खोटं आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांना २.५ एमएमची पिन लागते, ती इअरफोनच्या ३.५ पेक्षा बारीक. निकॉनची पिन वेगळीच, आणि डी३५०० ला तर वायर रिमोटचं पोर्टच दिलेलं नाही.

खटकलं ते म्हणजे प्लास्टिक एकदम हलकं, आणि बटण पुढे सरकवून लॉक करायची सोय आहे ती बॅगेत आपोआप लागते, मग पिन लावल्या लावल्या कॅमेरा स्वतःच फोटो काढत सुटतो. वायर मीटरभर पण नाही, ट्रायपॉड उंच केला की रिमोट हवेत लोंबकळतो. दीड मीटर दिली असती तर पाचवा स्टार पण दिला असता.